भ्रष्टाचारासाठी पाच दाबा

महाराष्ट्रात लाचखोरीची तक्रार करायचा दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे. तो टोल फ्री आहे. सरकारी कामाच्या एकंदर प्रवासात नागरिकाच्या खिशाला हात न लावणारा असा टप्पा विरळाच. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा हा क्रमांक प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या दर्शनी भागात लावावा असा आदेश आहे आणि तो बहुतेक ठिकाणी पाळलाही जातो. मात्र दर्शनी भाग कोणता, हे ठरवणे कार्यालयाच्या हाती असते. त्यामुळे ‘लाच देणे व घेणे हा गुन्हा आहे’ हा फलक कधी जिन्याच्या वळणावर दिसतो, कधी बंद पडलेल्या वॉटर कूलरच्या वर, तर कधी फायलींच्या कपाटामागून क्रमांकाचे शेवटचे दोनच अंक दाखवत उभा असतो. फलक लावल्याचा अहवाल वरिष्ठांकडे गेलेला असतो, त्यामुळे पुढे काही करायचे उरत नाही.

राज्यकर्त्याने तक्रारीसाठी वेगळी सोय करावी ही कल्पना जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार दिले आहेत. अपहार उघड करून सिद्ध करणाऱ्याला त्या रकमेचा सहावा हिस्सा आणि माहिती देणारा स्वतःच सरकारी नोकर असेल तर बारावा हिस्सा द्यावा, असेही त्यात सांगितले आहे. माहिती खोटी निघाली तर शिक्षाही आहे. व्हेनिस प्रजासत्ताकात भिंतीवर सिंहाची दगडी तोंडे बसवलेली होती. त्या तोंडात तक्रारीची चिठ्ठी टाकायची आणि ती आतल्या अधिकाऱ्यांकडे जायची. निनावी चिठ्ठ्या जाळून टाकाव्यात, असा नियम तिथे चौदाव्या शतकातच करावा लागला. त्यावरून चिठ्ठ्यांचा दर्जा काय असावा याची कल्पना येते. जहांगीर बादशहाने १६०५ मध्ये गादीवर येताच आग्ऱ्याच्या किल्ल्याला साठ घंटांची सोन्याची साखळी बांधवली. ज्याला न्याय मिळत नसेल त्याने ती ओढावी, अशी योजना होती. सोन्याची साखळी रस्त्यावर लोंबकळत ठेवायची तर तिच्यावर पहारा हवा, आणि तिथे पहारेकरी उभा असला की फिर्यादीला साखळीपर्यंत पोचायला काय करावे लागले असेल, हे सरकारी कार्यालयात जाऊन आलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे साखळीची जागा पुढे ‘सूचना व तक्रार पेटी’ने घेतली. एस.टी. स्टँडवरची ही पेटी पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची आहे. तिला कुलूप असते आणि किल्ली साहेबांकडे असते. तक्रारही बहुधा साहेबांबद्दलच असते. मुंबई राज्याने १९५७ मध्ये लाचखोरीविरुद्ध स्वतंत्र यंत्रणा उभी केली. दारूबंदीच्या गुप्तवार्तांचे कामही तेव्हा तिच्याकडेच होते, कारण त्या काळी दारू आणि लाच या दोन्ही वस्तू एकाच दाराने आत येत. केंद्र सरकारने संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग नेमला. या आयोगाचा टोल फ्री क्रमांकही १९६४ हाच आहे. स्थापनेचे वर्ष लोकांच्या लक्षात राहावे यासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

यावरून एक क्रमांक लक्षात ठेवला की भागले, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. तक्रारीचा क्रमांक लाचेवरून ठरत नाही, लाच मागणारा कोणाच्या पगारपत्रकावर आहे त्यावरून ठरतो. अभ्यासासाठी अँटॉप हिल हा भाग सोयीचा आहे. भरणी नाक्यापासून वडाळा ट्रक टर्मिनलपर्यंत अर्ध्या तासाच्या चालीत इथे जवळजवळ सगळी सरकारे भेटतात. सी.जी.एस. कॉलनी केंद्र सरकारच्या नोकरांची आहे आणि तिची डागडुजी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. कॉलनीबाहेरचा रस्ता, गटार आणि नळाचे पाणी महापालिकेच्या एफ उत्तर विभागाकडे आहे आणि त्याचे कार्यालय माटुंग्याला आहे. मुंबई पूर्वचे आर.टी.ओ., म्हणजे एमएच-०३, राज्य सरकारचे आहे. ट्रक टर्मिनल आणि मोनोरेल एम.एम.आर.डी.ए.ची. वडाळा रोड स्थानक रेल्वेचे. पूर्वेला पोर्टाची जमीन सुरू होते.

समजा, सी.जी.एस. कॉलनीतल्या एका कुटुंबाला एकाच आठवड्यात चार ठिकाणी ‘चहापाण्या’ची मागणी आली. क्वार्टरच्या गळक्या छतासाठी मागितले तर प्रकरण केंद्राचे, म्हणजे सी.बी.आय. किंवा दक्षता आयोग. मुलाच्या लायसन्ससाठी मागितले तर १०६४. नळजोडणीसाठी पालिकेच्या माणसाने मागितले तरी १०६४, पण नळालाच पाणी येत नसेल तर १९१६. रेल्वेत मागितले तर १३९. हा शेवटचा क्रमांक विशेष पाहण्याजोगा आहे. रेल्वेने २०२१ पर्यंत आपल्या साऱ्या हेल्पलाइन १३९ मध्ये विलीन केल्या, त्यात दक्षतेचा जुना क्रमांकही गेला. आता फोन लावला की सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीसाठी एक, चौकशीसाठी दोन, खानपानाच्या तक्रारीसाठी तीन, सर्वसाधारण तक्रारीसाठी चार आणि भ्रष्टाचारासाठी पाच दाबायचे. डाळ पातळ असल्याची तक्रार भ्रष्टाचाराच्या दोन घरे आधी येते, यात कुणाला काही वावगे वाटलेले नाही. प्रवासी पाचपर्यंत ऐकत थांबला तर गांभीर्याने घेण्यासारखा आहे, अशी ही पहिली चाळणी आहे.

महापालिकेच्या बाबतीत विभागणी आणखी बारीक आहे. रस्त्यात खड्डा पडला तर १९१६ वर सांगायचे. खड्डा बुजवण्याच्या बिलावर सही करायला कुणी टक्केवारी मागितली तर १०६४ वर. पहिला क्रमांक खड्डा लिहून घेतो, दुसरा पैसे लिहून घेतो. खड्डा आणि पैसे यांचा एकमेकांशी काय संबंध, हे लिहून घेणारा तिसरा क्रमांक अजून निघालेला नाही.

तक्रारदारांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला ‘एक जागरूक नागरिक’. हा फोन करत नाही, पत्र लिहितो आणि खाली नाव घालत नाही. पत्राच्या प्रती पंतप्रधान, मुख्यमंत्री, पालकमंत्री आणि सर्व वर्तमानपत्रांना ‘माहितीस्तव सविनय सादर’ असतात. कार्यालयातल्या आतल्या गोष्टी, फायलींचे जावक क्रमांक आणि साहेबांच्या मेहुण्याच्या फर्मचे नाव त्याला बिनचूक ठाऊक असते. त्यामुळे पत्र कुणी लिहिले हे पत्र फुटायच्या आधीच सगळ्यांना कळलेले असते, आणि हुकलेल्या बढत्यांची यादी काढली की खात्रीही पटते. अशा निनावी पत्रांवर कारवाई करू नये, असे दक्षता आयोगाने जून १९९९ मध्ये परिपत्रक काढून कळवले. व्हेनिसला हा धडा सहाशे वर्षे आधी मिळाला होता.

दुसरा प्रकार शेजाऱ्याचा. सरकारी वसाहतीतले क्वार्टर दुसऱ्याला भाड्याने देण्यास मनाई आहे आणि तसे आढळल्यास वाटप रद्द होते. पोटभाडेकरूची पहिली खबर सरकारला दक्षता पथकाकडून क्वचितच मिळते. ती समोरच्या दारातून मिळते, आणि तीही बहुधा स्कूटर उभी करायच्या जागेवरून वाजल्यानंतर. तोपर्यंत चार-सहा वर्षे ‘अहो, मूळचे साहेब कधी येतात हो?’ एवढ्यावर राष्ट्रहित थांबलेले असते. तिसरा प्रकार दरवाल्याचा. लाच मागितली याबद्दल त्याचे काही म्हणणे नसते. शेजारच्या गाळेवाल्याकडून पाच घेतले आणि आपल्याकडून आठ मागितले, हा अन्याय त्याला सहन होत नाही. चौथा प्रकार सर्वांत दुःखी. त्याने पैसे देऊन टाकलेले असतात आणि काम झालेले नसते. त्याची तक्रार लाचेची नसून सेवेतल्या त्रुटीची असते. या माणसाने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि लाच देणारा हाही स्वतंत्र गुन्हेगार ठरला. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवले तरच सुटका आहे. आठव्या दिवशी १०६४ लावणारा माणूस तक्रारदार असतो की आरोपी, हे ठरवायला वकील लागतो.

पैसे देण्याआधी फोन आला तर मात्र यंत्रणा खडबडून कामाला लागते. फोन ही नुसती सुरुवात असते. त्यानंतर तक्रारदाराला कार्यालयात जाऊन लेखी तक्रार द्यावी लागते. मग येते पडताळणी. तक्रारदाराच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र देऊन त्याला पुन्हा त्याच टेबलासमोर पाठवतात, सोबत साक्षीला पंच असतो. मागणी पंचासमक्ष आणि यंत्रावर स्पष्ट यायला हवी. अनुभवी लोकसेवक या बाबतीत मितभाषी असतो. तो आकडा उच्चारत नाही. कॅल्क्युलेटरवर टाकून दाखवतो, रद्दी कागदावर लिहून लगेच फाडतो किंवा नुसती बोटे वर करतो. बोटे यंत्राला ऐकू येत नाहीत. म्हणून तक्रारदाराला समोरच्याकडून बोलून घ्यावे लागते: ‘साहेब, तीन म्हणजे तीन हजारच ना?’ इथे घासाघीसही होते. विभागाच्या प्रसिद्धिपत्रकांत हा भाग दोन शब्दांत उरकलेला असतो: पन्नास हजारांची मागणी, ‘तडजोडीअंती’ तीस हजार. सरकारी कामात एवढी लवचीक चर्चा दुसऱ्या कुठल्या टेबलावर होत नाही.

पडताळणी झाली की सापळा. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवतात. नोटांना अँथ्रासीन किंवा फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. ती डोळ्यांना दिसत नाही, पण पुढे पहिली अतिनील दिव्याखाली निळसर चमकते आणि दुसरी लागलेले हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. पंच साधारणपणे दुसऱ्या सरकारी खात्यातले कर्मचारी असतात. त्यांना सकाळी साहेबांनी ‘जाऊन या’ एवढेच सांगितलेले असते, आणि दुपारपर्यंत ते आपल्यासारख्याच एका कर्मचाऱ्याचे हात धुताना पाहत उभे असतात. नोटा तक्रारदाराच्या कुठल्या खिशात ठेवल्या, लोकसेवकाने मागितल्याशिवाय द्यायच्या नाहीत, दिल्यावर डोक्यावरून हात फिरवायचा किंवा रुमालाने तोंड पुसायचे, हे सगळे आधी ठरवून लिहून घेतात. उकाड्याच्या दिवसांत रुमालाचा इशारा ठरवणे धोक्याचे असते.

लोकसेवक आता हुशार झाला आहे आणि पैशाला हात लावत नाही. ‘त्या चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवा’ किंवा ‘ड्रॉवरमध्ये टाका’ म्हणतो. त्यामुळे प्रसिद्धिपत्रकात ‘आलोसे’, म्हणजे आरोपी लोकसेवक, याच्या जोडीला ‘खाजगी इसम’ हे पात्र हटकून येते. सापळ्यात सापडणाऱ्या खात्यांत महसूल पहिला आणि पोलीस दुसरा, हा क्रम राज्यात वर्षानुवर्षे सहसा ढळत नाही. पकडलेला माणूस अठ्ठेचाळीस तासांहून अधिक कोठडीत राहिला की निलंबित झाल्याचे मानले जाते. खटला चालवायला मात्र सरकारची मंजुरी लागते. तिच्यासाठी तीन महिने आणि वाढवून आणखी एक महिना अशी मुदत आहे. तोपर्यंत काही तक्रारदारांचे त्याच अधिकाऱ्याशी ‘गैरसमज दूर’ होतात आणि ते फितूर होतात. तक्रारदार उलटला किंवा वारला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केले. सापळ्यासाठी दिलेली रक्कम विभाग तक्रारदाराला परत करतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. लाच म्हणून दिलेले पैसे परत मिळण्याचा हा देशातला एकमेव राजमार्ग आहे.

आतल्या माणसाने आपल्याच खात्याबद्दल सांगायचे असेल तर वाट वेगळी. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार वर कळवणारा अभियंता सत्येंद्र दुबे याची नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत हत्या झाली. आपले नाव गुप्त ठेवा असे त्याने लिहिले होते, तरी ते पत्र टेबलाटेबलांवरून फिरले. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने अशा तक्रारदारांची ओळख झाकणारा ठराव केला आणि जबाबदारी दक्षता आयोगाकडे दिली. त्याची रीत अशी: तक्रार बंद पाकिटात घालायची, पाकिटावर ती कोणत्या प्रकारची आहे ते लिहायचे, पण स्वतःचे नाव-पत्ता पाकिटावर लिहायचा नाही. तो आतल्या कागदावर मात्र लिहायलाच हवा, कारण निनावी तक्रार चालत नाही. अशा पाकिटावर पाठवणाऱ्याच्या नावाचा आग्रह धरू नये, अशा सूचना टपाल खात्यालाही दिलेल्या आहेत. आता स्पीड पोस्टच्या खिडकीवर ‘प्रेषक?’ या प्रश्नाला ‘ते सांगायचे नसते’ असे उत्तर देणाऱ्याकडे रांगेतले सगळेच वळून पाहतात. गुप्ततेचा पहिला कस तिथेच लागतो. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही होऊन तयार झाला, पण अजून अमलात आलेला नाही. कायद्यालाही बहुधा आपले नाव उघड होण्याची भीती वाटत असावी.

इथपर्यंत सगळा विचार लाचेचा झाला. उधळपट्टीची तक्रार कुठे करायची, हा प्रश्न अवघड आहे. अमेरिकेत १९७९ पासून संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाची हॉटलाइन लबाडी आणि उधळपट्टी या दोन्हींच्या तक्रारी घेते. सरकारला फसवून लाटलेला पैसा वसूल करून देणाऱ्याला १८६३ च्या कायद्याखाली त्यातला वाटाही मिळतो, आज पंधरा ते तीस टक्के. कौटिल्याचा सहावा हिस्सा याच पट्ट्यात बसतो. आपल्याकडे हिस्सा मागणाऱ्याचे क्रमांक पुष्कळ असले तरी हिस्सा देणारा नाही.

अँटॉप हिलला उधळपट्टीचे उदाहरण डोक्यावरून जाते. मोनोरेलचे अँटॉप हिल स्थानक दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१९ मध्ये सुरू झाले. संत गाडगे महाराज चौक ते चेंबूर हा सुमारे वीस किलोमीटरचा मार्ग अडीच हजार कोटींहून अधिक खर्चून उभा राहिला. पहिला टप्पा २०१४ चा. नोव्हेंबर २०१७ मध्ये डब्यांना आग लागून मोनोरेल बरेच महिने बंद राहिली, डिसेंबर २०१८ मध्ये चालवणाऱ्या कंपनीचे कंत्राट रद्द झाले, प्रवासी अंदाजाच्या जवळपासही आले नाहीत, तोटा दरवर्षी आला. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात ती म्हैसूर कॉलनीजवळ शेकडो प्रवाशांसह अधांतरी अडकली आणि अग्निशमन दलाला शिड्या लावून लोकांना खाली काढावे लागले. २० सप्टेंबरपासून ती सुधारणेसाठी बंद ठेवण्यात आली. आता याबद्दल १०६४ वर काय सांगायचे? कुणी लाच मागितलेली नाही, पंचनामा करायला नोटा नाहीत, आणि पूड लावायची म्हटली तर वीस किलोमीटर तुळईला लावावी लागेल. अंदाज चुकला, एवढाच जबाब मिळतो, आणि अंदाज चुकणे हा गुन्हा नाही.

कायदाही इथे मागे सरकला आहे. लोकहित नसताना दुसऱ्याला आर्थिक लाभ मिळवून देणे हा भ्रष्टाचार ठरवणारे कलम २०१८ च्या दुरुस्तीत गळाले. शिवाय अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी घ्यायची, असे कलम १७-अ त्याच वेळी आले. सापळ्यात जागीच पकडायचे असेल तर परवानगी लागत नाही. तेव्हा पाचशे रुपये घेणाऱ्या शिपायाला पकडायला कुणाला विचारावे लागत नाही, पाचशे कोटींच्या निर्णयाकडे नुसते पाहायलाही विचारावे लागते.

मोठी प्रकरणे बाहेर आली ती म्हणूनच फोनवरून आली नाहीत. मुंबईचा रस्ते घोटाळा तत्कालीन महापौर स्नेहल आंबेकर यांनी २०१५ मध्ये आयुक्तांना लिहिलेल्या पत्रावरून चौकशीला लागला आणि २०१६ मध्ये ३४ रस्त्यांबाबत गुन्हा दाखल झाला. पालिकेने २० कामे निविदा न काढता दिल्याचे मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या ‘कॅग’च्या अहवालातून कळले; त्यांची किंमत २१४ कोटी होती. मिठी नदीच्या गाळउपशाचा विषय विधिमंडळात निघाला, मग विशेष पथक नेमले गेले आणि मे २०२५ मध्ये ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदला गेला. महापौर, महालेखापरीक्षक आणि आमदार यांना टोल फ्री क्रमांकाची गरज पडली नाही. ज्याला गरज असते त्या नागरिकाकडे मोजमाप पुस्तिका, बिले आणि गाळाच्या गाड्यांच्या नोंदी नसतात.

निष्कर्ष सरळ आहे. टोल फ्री क्रमांक खालचा हात पकडतो, वरचा निर्णय पकडत नाही. आणि तेवढ्यासाठीच तो बनवलेला आहे. म्हणून लाच मागितली तर १०६४ वर जरूर फोन करावा, पण पैसे देण्याआधी करावा. द्यावेच लागले तर सात दिवस उलटू देऊ नयेत. सार्वजनिक पैसा वाया जाताना दिसला तर फोन खाली ठेवून अर्ज करावा: माहितीच्या अधिकारात निविदा, बिले आणि तपासणी अहवाल मागावेत आणि ते जोडून लोकायुक्तांकडे लेखी तक्रार द्यावी. १९७१ चा कायदा करून लोकायुक्त नेमणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य आहे, आणि त्यांचे कार्यालय मंत्रालयासमोरच आहे. अर्जाखाली नाव-पत्ता लिहावा, ‘एक जागरूक नागरिक’ लिहू नये.